केवलमूल्य शिकवताना 'चिन्ह काढून टाका' हे वाक्य वर्गाबाहेर ठेवा

चेंबूरला नववीला गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: "मुलं |−7| = 7 पटकन सांगतात. पण क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष, हे फळ्यावर लिहिलं की वर्ग अडतो. 'बाई, केवलमूल्य कधीच ऋण नसतं असं तुम्हीच सांगितलंत ना?' |क्ष − 5| = 2 या समीकरणाचं उत्तर निम्मी मुलं फक्त 7 लिहितात. व्याख्या कितीदा तरी सांगून झाली. सुरुवात कुठून करू?"

बाई, आधी तुमच्या मुलांचं कौतुक. 'केवलमूल्य ऋण नसतं' आणि 'केवलमूल्य −क्ष आहे' ही दोन विधानं त्यांना एकमेकांच्या विरोधात दिसली आणि त्यांनी तसं बोलून दाखवलं. जी मुलं काही न विचारता व्याख्या उतरवून घेतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. केवलमूल्य म्हणजे संख्येचं शून्यापासूनचं अंतर; अडचण या व्याख्येत नाहीच. व्याख्येच्या आधीच मुलांच्या डोक्यात एक वाक्य घर करून बसलेलं असतं: उभ्या रेघा दिसल्या की आतलं वजा चिन्ह काढून टाकायचं. हे वाक्य मुलं क्लासमधून आणतात, मोठ्या भावंडांकडून आणतात, कधी शाळेतच ऐकतात. −7 ला, −12 ला, −3/4 ला ते बरोबर उत्तर देतं, म्हणून पक्कं होतं. ते पुसल्याशिवाय वर कितीही व्याख्या लिहिल्या तरी उपयोग नाही.

वह्या तपासताना पुढच्या चार चुका शोधून बघा. |3 − 8| चं उत्तर 11. |क्ष − 5| च्या जागी क्ष + 5. |−क्ष| = क्ष. आणि |क्ष| = क्ष, पुढे काही नाही. वरवर पाहता या चार निरनिराळ्या चुका वाटतात आणि आपण प्रत्येकीवर वेगळं लाल शाईने लिहितो. पण चारही ठिकाणी मुलाने एकच काम केलेलं असतं. कागदावर वजा दिसला तिथे तो काढला, दिसला नाही तिथे आहे तसं ठेवलं. मूल संख्येकडे बघतच नाही, शाईकडे बघतं. आकड्यात लिहिलेली एकच संख्या असते तोवर शाई आणि संख्या जुळतात, म्हणून चूक लपून राहते. अक्षर आलं, वजाबाकी आली की उघडी पडते.

तेव्हा सुरुवात अंतरापासून करा, आणि उभ्या रेघांची खूण पहिल्या तासाला फळ्यावर येऊच देऊ नका.

मुंबईच्या मुलांना शून्याखालचं तापमान सांगून काही हाती लागत नाही, ते त्यांनी अनुभवलेलं नसतं. लोकल मात्र प्रत्येकाच्या घरात आहे. फळ्यावर आडवी रेषा काढून मध्य रेल्वेची मुख्य लाइन मांडा. सीएसएमटीपासून दादर साधारण 9 किलोमीटर, कुर्ला 15, घाटकोपर 19, ठाणे 34. अपूर्णांक सोडून पूर्ण किलोमीटर घेतले तरी चालतात. (चेंबूरची मुलं हार्बरची असली तरी कुर्ला त्यांच्या पायाखालचं असतं.) आता शून्य दादरला ठेवा आणि ठाण्याकडची दिशा धन माना. कुर्ला 6 वर येतं, घाटकोपर 10 वर, ठाणे 25 वर, आणि सीएसएमटी −9 वर. ही मांडणी मुलांकडूनच करून घ्या. सीएसएमटी शून्याच्या डावीकडे का, हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

मग विचारा: दादरहून सीएसएमटी किती लांब आहे? 'नऊ किलोमीटर' असं वर्ग म्हणेल, 'उणे नऊ' कुणीही म्हणणार नाही. उणे हे कुठल्या बाजूला ते सांगत होतं आणि नऊ हे किती लांब ते सांगत होतं, हा फरक मुलांनी स्वतः केलेला असेल. दादरपासून शून्य अंतरावर किती स्टेशनं? एकच, खुद्द दादर. बाकी सगळ्यांचं अंतर धन. 'केवलमूल्य ऋण नसतं' हे वाक्य इथे नियम म्हणून सांगायची गरज उरत नाही. अंतर ऋण कसं असेल?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि माझ्या मते इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते. शून्यापासूनचं अंतर झालं की आपण लगेच व्याख्येवर जातो. तसं करू नका. कुठल्याही दोन स्टेशनांमधलं अंतर विचारा. कुर्ला ते ठाणे? 25 − 6 = 19. सीएसएमटी ते कुर्ला? इथे काही मुलं 9 मधून 6 वजा करून 3 म्हणतील. त्यांना रेषेवर बोट ठेवून मोजू द्या: डावीकडून शून्यापर्यंत 9, तिथून पुढे 6, एकूण 15. मग तेच वजाबाकीने करून घ्या: 6 − (−9) = 15. ऋण संख्या वजा करणं म्हणजे मिळवणं, हे सहावी-सातवीत पाठ केलेलं त्यांना इथे डोळ्यांनी दिसतं. मग सीएसएमटी ते ठाणे: 25 − (−9) = 34. 16 एप्रिल 1853 ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीकडून, ठाण्याला गेली, तिने कापलेलं अंतर तेच, 34 किलोमीटर. इतिहासात वाचलेला आकडा आपल्या वजाबाकीतून निघाला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता वजाबाकी उलटी करायला सांगा. 6 − 25 = −19. ठाण्याहून कुर्ल्याला येताना अंतर बदललं का? तिकीट तर दोन्हीकडून सारख्याच पैशांचं. म्हणजे अ − ब करा की ब − अ, अंतर एकच, फक्त चिन्ह उलटतं. आता मुलांना अशी एक खूण लागते, जी सांगेल की 'यातली दिशा सोडा, अंतर तेवढं घ्या'. ती गरज वाटल्यावरच दोन उभ्या रेघा फळ्यावर आणा: |अ − ब|. आणि |−9| म्हणजे −9 आणि 0 यांमधलं अंतर, एवढंच.

शून्य हलवूनही दाखवा. शून्य सीएसएमटीला नेलं तर कुर्ला 15 आणि ठाणे 34; अंतर |34 − 15| = 19. दादरला असताना |25 − 6| = 19 होतं. प्रत्येक स्टेशनाची संख्या बदलली, अंतर तेच राहिलं. हुशार मुलांना हे फार आवडतं आणि पुढे निर्देशक भूमितीत त्यांच्या कामी येतं.

या मांडणीची मर्यादा लपवू नका, तिचाही उपयोग होतो. दादरपासून 15 किलोमीटरवर काय आहे असं विचारलं तर ठाण्याच्या दिशेला जागा सापडते, दुसऱ्या दिशेला −9 ला रूळच संपतात. संख्यारेषा मात्र संपत नाही, −15 तिथे आहेच. म्हणून दुसऱ्या दिवशी स्टेशनं पुसून साधी संख्यारेषा घ्या.

तुमचं समीकरण आता बघू. |क्ष − 5| = 2 हे मुलांना मोठ्याने असं वाचू द्या: "क्ष हे 5 पासून 2 अंतरावर आहे." वाचलं की बोट 5 वर ठेवायचं आणि दोन्हीकडे दोन-दोन घरं जायचं. 3 आणि 7. पहिल्या आठवड्यात कुठलंही बीजगणित करू देऊ नका, फक्त वाचन आणि बोट. |क्ष − 5| = 0 ला एकच उत्तर का, |क्ष − 5| = −2 ला एकही का नाही, हे वाचनातूनच सुटतं. 'पाचपासून उणे दोन अंतरावर' असं वाचता वाचताच मुलं हसतात. खरी कसोटी |क्ष + 3| = 4 ही आहे. इथे मुलांचं बोट चुकून 3 वर जातं. क्ष + 3 म्हणजे क्ष − (−3), तेव्हा बोट −3 वर, आणि उत्तरं 1 आणि −7. यावर एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. |2क्ष − 6| = 8 सारखी उदाहरणं त्यानंतर; 2क्ष हे 6 पासून 8 अंतरावर, म्हणजे 14 किंवा −2, म्हणून क्ष 7 किंवा −1.

आता −क्ष, तुमच्या प्रश्नाचा गाभा. मुलांच्या दृष्टीने वजा चिन्ह म्हणजे ऋण संख्येचा बिल्ला. −क्ष दिसलं की ती संख्या ऋण आहे असं ते धरून चालतात, मग |क्ष| = −क्ष त्यांना खोटंच वाटणार. वर्गात −क्ष चं वाचन काही दिवस 'क्ष ची विरुद्ध संख्या' असंच ठेवा. विरुद्ध संख्या सहावीत शिकून झालेल्या असतात: 4 ची −4, आणि −4 ची 4. शून्यावरून उडी मारून पलीकडे तेवढ्याच अंतरावर जायचं. कागदाच्या पट्टीवर संख्यारेषा काढून ती शून्यावर दुमडली की प्रत्येक संख्या आपल्या विरुद्ध संख्येवर बसते; हे हाताने करणं नववीच्या मुलांना बालिश वाटेल असं समजू नका.

यानंतर चिठ्ठ्यांचा खेळ घ्या. प्रत्येक चिठ्ठीत एक संख्या, काही धन, काही ऋण, एकीत शून्य. चिठ्ठी दुमडून बाहेर लिहायचं क्ष. न उघडता विचारा: −क्ष धन की ऋण? पहिल्यांदा सगळा वर्ग 'ऋण' म्हणतो. चिठ्ठी उघडली, आत −4. मग −क्ष म्हणजे 4. पुढची चिठ्ठी. दोन-तीन चिठ्ठ्यांनंतर कुणीतरी म्हणतं, "बाई, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही." या वाक्याची वाट बघा, आपण होऊन ते बोलू नका. ते आलं की लगेच विचारा: मग चिठ्ठी न उघडता |क्ष| कसं सांगाल? "आत धन असेल तर तीच संख्या, ऋण असेल तर तिची विरुद्ध, शून्य असेल तर शून्य." हे वाक्य मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहून घ्या आणि मग पुस्तकातली व्याख्या शेजारी लिहा. दोन्ही एकच आहेत हे त्यांना दिसतं. पुस्तकातली व्याख्या उत्तम आहे, फक्त ती शेवटी यायला हवी.

व्याख्येत क्ष आणि −क्ष अशा दोन ओळी असतात म्हणून काही मुलं पुढे |क्ष| = ±क्ष लिहू लागतात, आणि समीकरणं शिकल्यावर तर |−7| = ±7 सुद्धा. संख्या दिलेली असते तेव्हा अंतर एकच असतं, व्याख्येची एकच ओळ लागू पडते. अंतर दिलेलं असतं आणि संख्या शोधायची असते तेव्हा दोन उत्तरं निघू शकतात. हे दोन प्रश्न एकाच दिवशी शेजारी शेजारी सोडवून घेतले की गोंधळ बराच कमी होतो: |−7| किती? आणि कुणाचं केवलमूल्य 7?

'चिन्ह काढा' या सवयीचा पुरता निकाल लावायला माझ्याकडे सगळ्यात हमखास उदाहरणं वास्तव संख्यांची आहेत. तुमच्या पुस्तकात केवलमूल्य याच प्रकरणात येतं, त्याचा फायदा घ्या. |2 − √5| किती? इथे कुठलं चिन्ह काढणार? √5 हा 2 पेक्षा मोठा, म्हणून आतली संख्या ऋण, म्हणून उत्तर तिची विरुद्ध संख्या: √5 − 2. त्यानंतर |पाय − 22/7| द्या (पाय म्हणजे π). बरीच मुलं 0 लिहितील, कारण पाय म्हणजे 22/7 असंच त्यांना वाटत असतं. पाय 3.14159…, 22/7 मात्र 3.142857…, 22/7 किंचित मोठा. तेव्हा उत्तर 22/7 − पाय. एका उदाहरणात दोन गैरसमज निघतात. हीच मुलं पुढे √क्ष² = क्ष असं बिनदिक्कत लिहिणार असतात. क्ष च्या जागी −5 घालून बघायला लावा: वर्ग 25, वर्गमूळ 5. म्हणजे √क्ष² = |क्ष|. अकरावीत याच एका ओळीवर गुण जातात.

एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्याच: केवलमूल्य ते सहावीपासून वापरतायत. −8 + 3 करताना ती काय म्हणतात? 'मोठ्यातून लहान वजा करा आणि मोठ्याचं चिन्ह द्या.' त्यांना थांबवून विचारा, −8 आणि 3 यांत मोठी संख्या कोणती? मोठी तर 3 आहे! मग 8 ला मोठा कशाच्या जोरावर म्हणालात? शून्यापासून जास्त लांब आहे म्हणून. धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातला फरक, हा नियम ब्रह्मगुप्ताने 628 साली मांडला होता. तो फरक काढताना चिन्हं बाजूला ठेवून दोन्हींच्या परिमाणांची तुलना करावीच लागते. आज आपण वापरतो त्या दोन उभ्या रेघा मात्र कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने 1841 साली आणल्या. कल्पना वापरात असते, खूण फार उशिरा येते. म्हणूनच वर्गातही खूण उशिरा आली तर बिघडत नाही.

लिखाणाच्या दोन बारीक गोष्टी. |1| हे घाईत लिहिलं तर 111 दिसतं, म्हणून रेघा आकड्यांपेक्षा उंच काढायची सवय लावा. आणि रेघा कंसाचंही काम करतात: आतलं सगळं आधी सोडवायचं, मग अंतर घ्यायचं. |3 − 8| + 2 म्हणजे 5 + 2. सेमी इंग्रजीची मुलं याला 'मॉड' म्हणतात आणि ज्युनियर कॉलेजात सगळेच 'मॉड्युलस' म्हणणार आहेत. ती नावं नववीतच कानावर पडू द्या, म्हणजे अकरावीत मराठी माध्यमाच्या मुलाला हे काहीतरी नवीनच आलंय असं वाटणार नाही.

असमानता नववीत फार खोल जाऊन करू नका. |क्ष − 3| ≤ 2 म्हणजे 3 पासून फार तर 2 अंतरावर, 1 ते 5 हा पट्टा. |क्ष| > 4 म्हणजे 4 पेक्षा लांब, रेषेचे दोन सुटे तुकडे. दोन तुकड्यांना एकाच ओळीत कोंबून 4 < क्ष < −4 लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबा आणि असा एक क्ष शोधून दाखवायला सांगा. तो सापडणार नाही, आणि मुलं ओळ स्वतःच खोडतील.

समजलंय की नाही हे तपासायला |−7| सारखी उदाहरणं निरुपयोगी आहेत, ती चुकीच्या कारणानेही बरोबर येतात. त्याऐवजी विचारा: क्ष ऋण आहे, तर |क्ष| − क्ष धन की ऋण? आणि |क्ष − 4| = 4 − क्ष हे क्ष च्या कोणत्या किमतींना खरं? पहिल्याचं उत्तर धन, कारण ते −2क्ष होतं. दुसऱ्याचं उत्तर 4 किंवा त्याहून लहान कुठलीही संख्या. हे कारणासकट सांगणाऱ्या मुलाला −क्ष ची भीती उरलेली नाही.

वेळ उरला तर पुन्हा लोकलच्या रेषेवर या आणि हा प्रश्न घाला. तिघी मैत्रिणी, एक दादरची (0), एक कुर्ल्याची (6), एक ठाण्याची (25). कुठल्या स्टेशनवर भेटल्या तर तिघींचा मिळून प्रवास सगळ्यात कमी होईल? म्हणजे |क्ष| + |क्ष − 6| + |क्ष − 25| कमीत कमी कधी? मुलं सरासरी काढतात, ती येते 10 च्या जरा पुढे, म्हणून घाटकोपर म्हणतात. घाटकोपरला बेरीज होते 10 + 4 + 15 = 29. कुर्ल्याला 6 + 0 + 19 = 25. मधल्या मैत्रिणीचं स्टेशन जिंकतं, आणि ठाण्याची मैत्रीण कल्याणला (45) राहायला गेली तरी तेच जिंकतं, जरी सरासरी पुढे सरकली तरी. का, यावर वर्गाला भांडू द्या. बाहेरच्या दोघींच्या मध्ये कुठेही भेटलं तरी त्या दोघींची बेरीज बदलत नाही, हे कुणाला तरी सुचतंच. आणि चौथी मैत्रीण आली, म्हणजे दादर, कुर्ला, ठाणे आणि कल्याण अशा चौघी झाल्या, तर काय होतं ते त्यांना घरून करून आणायला सांगा. कुर्ला ते ठाणे यांमधलं कुठलंही स्टेशन चालतं, बेरीज सगळीकडे 64 च येते.